उकळायचं की नाही, हे पाणी एकट्यानं ठरवत नाही

सुई नसलेली २० मिलीची प्लॅस्टिकची सिरिंज घ्या. पाणी एकदा चांगलं उकळून ६० अंश सेल्सिअसच्या आसपास निवू द्या आणि त्यातलं ५ मिली सिरिंजमध्ये ओढा. तोंड वर धरून दट्ट्या हळूहळू दाबा, आतली हवा सगळी बाहेर घालवा. एखादा बुडबुडा भिंतीला चिकटून राहिलाच तर टिचकी मारून वर आणा आणि तोही काढा. आता तोंडाला घट्ट टोपण बसवा आणि दट्ट्या जोर लावून मागे ओढून धरा. पाणी खळखळून उकळायला लागेल. खाली आच नाही, काही नाही. उलट पाणी किंचित गारच होत चाललंय. दट्ट्या सोडला की तो आपोआप पुढे सरकतो आणि उकळी जागच्या जागी बसते.

प्रयोग फसला तर पहिला संशय राहून गेलेल्या हवेवर घ्यावा. ती असली की आपण पाण्याऐवजी हवाच ताणत बसतो. पाणी आधी उकळायचं कारणही हेच: साध्या पाण्यात हवा विरघळलेली असते, दाब कमी झाला की ती बुडबुड्यांच्या रूपानं सुटते आणि उकळीचा आभास होतो. ओळखायची खूण सोपी आहे. दट्ट्या सोडल्यावर वाफेचे बुडबुडे पूर्ण नाहीसे होतात, हवेचा बुडबुडा मात्र तसाच राहतो. मोठी सिरिंज घ्यायचा मोह टाळा. २० मिलीच्या सिरिंजला साधारण अडीच किलो वजन उचलण्याइतका जोर पुरतो, ६० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या रुंद असल्यानं तिला जवळजवळ पाच किलोंचा लागतो आणि हात थरथरायला लागतो.

तर ‘पाणी १०० अंशांना उकळतं’ हे वाक्य अर्धंच आहे. पूर्ण वाक्य असं: १.०१३ बार दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळतं. १.०१३ बार म्हणजे समुद्रसपाटीवरचा हवेचा सरासरी दाब. शाळेत दाबाचा उल्लेख गाळला जातो, आणि मग स्थायू, द्रव, वायू हे जणू पदार्थाचे स्वभावच आहेत असं डोक्यात बसतं.

द्रवाच्या पृष्ठभागावरून काही रेणू सतत निसटत असतात. भांडं बंद असेल तर निसटलेल्यांपैकी काही परत येऊन आदळतात आणि द्रवात मिसळतात. जाणारे आणि येणारे सारखे झाले की वर जमलेल्या वाफेचा एक ठरावीक दाब तयार होतो. याला बाष्पदाब म्हणतात. तो भांड्याच्या आकारावर किंवा पाणी किती आहे यावर अवलंबून नसतो, फक्त तापमानावर असतो, आणि तापमानाबरोबर तो फार झपाट्यानं चढतो. पाण्यासाठी २० अंशांना तो ०.०२३ बार असतो, ६० अंशांना ०.२०, ८० ला ०.४७, ९० ला ०.७०, १०० ला १.०१, आणि १२० ला जवळजवळ २ बार.

उकळणं म्हणजे दुसरं काही नाही: बाष्पदाब बाहेरच्या दाबाएवढा झाला की द्रवाच्या पोटातच वाफेचे बुडबुडे तग धरू लागतात. त्याआधी बुडबुडा तयार व्हायला गेलाच तर बाहेरचा दाब त्याला चिरडून टाकतो. बाष्पीभवनाला ही अट नाही. ते फक्त पृष्ठभागावरून होतं, म्हणून ओले कपडे ३० अंशांनाही वाळतात. सिरिंजमध्ये आपण पाणी तापवलं नाही, त्याच्यावरचं ओझं ०.२० बारच्या खाली आणलं.

डोंगरावर तेच घडतं. सुमारे ३००० मीटर उंचीवर हवेचा दाब ०.७० बार, म्हणून पाणी ९० अंशांना उकळतं. एव्हरेस्टच्या माथ्यावर, ८८४९ मीटरवर, ते ७१ अंशांच्या आसपास उकळेल. तिथं कितीही मोठी आच लावली तरी उघड्या भांड्यातलं पाणी त्याहून गरम होणार नाही, फक्त लवकर आटेल. साधारण १९ किलोमीटर उंचीवर तर दाब इतका उतरतो की ३७ अंशांचं, म्हणजे शरीराच्या तापमानाचं पाणी उकळेल. दाबबंद पोशाख किंवा केबिन नसेल तर तिथं माणसाच्या डोळ्यांवरचा आणि तोंडातला ओलावा उकळायला लागतो.

उलट्या दिशेनं गेलं की प्रेशर कुकर आणि ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं वस्तू निर्जंतुक करायचं यंत्र. कुकरचा मूळ नमुना फ्रेंच शास्त्रज्ञ दनी पापँ यानं १६७९ मध्ये केला. बाहेरच्या दाबावर आणखी सुमारे १ बार चढवला की आतला एकूण दाब २ बार होतो आणि पाणी १२० अंशांपर्यंत द्रवच राहतं. रुग्णालयातली उपकरणं निर्जंतुक करायला १२१ अंशांची वाफ किमान १५ मिनिटं, हा रूढ नियम इथूनच येतो. चिवट जिवाणू-बीजाणू १०० अंशांना मरतीलच याची खात्री नसते.

इथली नेहमीची चूक मात्र बारकाईनं बघण्यासारखी आहे. झाकण लावताना आत हवा असते. ती बाहेर घालवण्याआधीच झडप बंद केली तर काय होईल? हवाही तापते आणि दाब वाढवते. दाबमापक एकूण २ बार दाखवतो तेव्हा त्यातले सुमारे सव्वा बार हवेचे असतात आणि वाफेच्या वाट्याला पाऊणच बार उरतो. पाऊण बार बाष्पदाब कोणत्या तापमानाचा? ९२ अंशांच्या आसपास. मापक बरोबर, वेळ बरोबर, आणि तरी आतलं सामान निर्जंतुक नाही. म्हणून वाफ सलग, जोरात येऊ द्यायची आणि मगच वजन ठेवायचं किंवा झडप मिटायची. चांगल्या ऑटोक्लेव्हमध्ये दाबमापकाबरोबर थर्मामीटरही असतो. दोघांची जोडी जुळत नसेल तर आत हवा अडकली आहे असं समजावं.

आणि दाब उतरण्याआधी झाकण उघडलं तर? १२० अंशांचं पाणी एकदम १ बारखाली येतं. तिथं त्याला १०० च्या वर राहायची मुभा नाही. जास्तीची उष्णता वाफ होण्यात खर्ची पडते आणि पाण्याचा सुमारे ३.७ टक्के भाग क्षणात वाफ बनतो. आकडा किरकोळ वाटतो खरा. पण २ लिटर पाण्यातून ७५ ग्रॅम वाफ, आणि १ ग्रॅम वाफेला १०० अंशांना जवळपास १.७ लिटर जागा लागते. म्हणजे सव्वाशे लिटर वाफ एका झटक्यात. झाकण उडतं ते यामुळे.

वाफेत इतकी उष्णता मुरते कशी, हे समजायला एक हिशेब पुरे. ० अंशांचा १ किलो बर्फ १००० वॉटच्या हीटरवर ठेवला आणि उष्णता कुठे वाया गेली नाही असं धरलं, तर तो वितळायला साडेपाच मिनिटं लागतात. ते पाणी ० पासून १०० अंशांवर न्यायला सात मिनिटं. आणि ते सगळं वाफ व्हायला साडेसदतीस मिनिटं! या साडेसदतीस मिनिटांत थर्मामीटर १०० वरून हलत नाही. उष्णता रेणूंचा वेग वाढवण्यात जात नाही, त्यांची एकमेकांवरची पकड सोडवण्यात जाते. हीच अप्रकट उष्मा: वितळण्यासाठी ग्रॅममागे ३३४ ज्यूल, वाफ होण्यासाठी २२५७. १०० अंशांचं पाणी अंगावर सांडण्यापेक्षा तेवढ्याच वजनाची १०० अंशांची वाफ लागणं वाईट, कारण ती त्वचेवर द्रव होताना हे २२५७ ज्यूल तिथंच सोडते. एकूण उष्णता जवळजवळ दहापट.

आता गॅसच्या टाकीकडे वळू. दाब आणि अवस्था यांचं नातं रोजच्या वापरात इतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसतं.

एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. मोकळ्या हवेत प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला. टाकीत ते स्वतःच्याच बाष्पदाबाखाली द्रव राहतात: २० अंशांना प्रोपेनला सुमारे ८.४ बार पुरतात, ब्युटेनला जेमतेम २.१. द्रव करायचा कारण १ लिटर द्रव प्रोपेनपासून साधारण २७० लिटर वायू मिळतो. यातून काही गोष्टी सरळ निघतात. टाकीत द्रवाचा थेंब शिल्लक असेपर्यंत दाब तसाच राहतो, म्हणून दाबमापकावरून गॅस किती उरलाय ते कळत नाही. वजनच करावं लागतं. जोरात गॅस काढला तर टाकीला घाम येतो, कधी बर्फही धरतो, आणि ज्योत मंदावते. द्रव उकळायला लागणारी अप्रकट उष्मा तो स्वतःतूनच घेतो, गार होतो आणि त्याचा बाष्पदाब घसरतो. कडाक्याच्या थंडीत नुसत्या ब्युटेनची टाकी भरलेली असूनही पेटत नाही, कारण ० च्या खाली त्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी होतो. मिश्रण असेल तर प्रोपेन आधी निघून जातो आणि मागे ब्युटेन गाळासारखा उरतो. टाकी आडवी ठेवली की झडपेतून वायूऐवजी द्रव येऊ लागतो, आणि शेगडीच्या तोंडाशी गॅस एकाएकी कैकपट होतो. आडवी टाकी वापरू नका हा इशारा उगाच दिलेला नाही.

टाकी काठोकाठ का भरत नाहीत? द्रव प्रोपेन दर अंशाला सुमारे ०.३ टक्के फुगतो, पाण्याच्या कितीतरी पट. तापमान ३० अंशांनी चढलं तर ९-१० टक्के वाढ. वर मोकळी जागा नसेल तर द्रव थेट पोलादावर रेटा देतो आणि द्रव दबता दबत नाही. म्हणून साधारण ८०-८५ टक्क्यांवर थांबतात.

मग मिथेनलाही असंच दाबून द्रव का करत नाहीत? सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेनच; त्याच्या टाकीत २०० बार दाब असतो, प्रोपेनच्या वीसपटीहून जास्त, तरी आत वायूच असतो. २०० चे २००० बार केले तरी तो द्रव होणार नाही. प्रत्येक पदार्थाचं एक क्रांतिक तापमान असतं आणि त्याच्या वर रेणूंची धावपळ इतकी असते की कितीही जवळ रेटले तरी ते द्रव म्हणून एकमेकांना धरून राहत नाहीत. प्रोपेनचं क्रांतिक तापमान ९७ अंश, म्हणून तो साध्या हवामानात दाबला की द्रव होतो. मिथेनचं उणे ८२.६. त्याला आधी थंडच करावं लागतं: एलएनजी म्हणजे उणे १६२ अंशांना, जवळजवळ साध्या हवेच्या दाबाखाली, उष्णतारोधक टाकीत ठेवलेला द्रव मिथेन. एलपीजी, सीएनजी, एलएनजी ही तिन्ही इंधनं एकाच घरातली भावंडं, पण टाक्या तीन तऱ्हेच्या, आणि कारण हे एकच. जाता जाता, सीएनजीच्या मापकावरून किती गॅस उरला ते कळतं, कारण आत द्रव नसतो.

हे समजायला बराच काळ गेला. मायकेल फॅरडे यांनी १८२३ मध्ये बंद, वाकवलेल्या काचनळीत क्लोरीन द्रव केला, त्यामुळे दाबलं की वायू द्रव होतो असा विश्वास बसला. पण ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन काही केल्या दाद देईनात. त्यांना ‘स्थायी वायू’ म्हणून टाकलं होतं. १८६९ मध्ये थॉमस अँड्र्यूज यांनी कार्बन डायऑक्साइडवरच्या मोजमापांतून दाखवलं की ३१ अंशांच्या वर तो कितीही दाबला तरी द्रव आणि वायू यांच्यातली सीमारेषाच दिसत नाही. चूक दाबाची नव्हती, तापमानाची होती. १८७७ मध्ये ऑक्सिजन द्रव झाला, आणि १९०८ मध्ये लायडनला कामरलिंग ओनेस यांनी हेलियमही ४ केल्विनच्या, म्हणजे उणे २६९ अंशांच्या जवळ नेऊन द्रव केला.

फ्रिज याच तत्त्वावर दिवसभर चालतो. आर-१३४ए हे शीतक १.३ बारखाली उणे २० अंशांना उकळतं आणि आतली उष्णता शोषतं. काँप्रेसर त्याला १० बारवर नेतो, तिथं ते ४० अंशांना पुन्हा द्रव होतं आणि तीच उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतं. जाळीवर धूळ साचली की उष्णता बाहेर पडत नाही, द्रव व्हायला जास्त तापमान आणि म्हणून जास्त दाब लागतो, आणि काँप्रेसर विनाकारण दमतो. नळीत ओलावा शिरला तर तो अरुंद केशनळीच्या टोकाशी बर्फ होऊन वाटच अडवतो.

हे सगळं एका कागदावर मांडता येतं. आडव्या अक्षावर तापमान, उभ्यावर दाब. कोणतीही जोडी म्हणजे एक ठिपका, आणि तो ज्या प्रदेशात पडेल ती अवस्था. प्रदेशांमधल्या रेघा म्हणजे सीमा. रेघेवर दोन अवस्था शेजारी नांदतात. तिन्ही रेघा जिथं भेटतात तो त्रिक बिंदू. पाण्याचा तो ०.०१ अंश आणि ०.००६ बारला येतो, आणि तो इतका पक्का आहे की १९५४ पासून २०१९ पर्यंत केल्विनची व्याख्याच त्यावर उभी होती. द्रव-वायूची रेघ मात्र अखंड जात नाही, क्रांतिक बिंदूशी संपते. पाण्यासाठी हा बिंदू ३७४ अंश आणि २२१ बारला आहे. त्याच्या पलीकडे द्रव की वायू, हा प्रश्नच उरत नाही.

त्रिक बिंदूच्या दाबाखाली द्रवाला जागाच नसते. कार्बन डायऑक्साइडचा हा दाब ५.२ बार आहे, म्हणून आपल्या १ बारच्या जगात शुष्क बर्फ वितळत नाही, उणे ७८.५ अंशांना थेट वायू होतो. याला संप्लवन म्हणतात. १ किलो शुष्क बर्फापासून सुमारे ५४० लिटर वायू होतो. तो बूच लावलेल्या बाटलीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणं म्हणजे बॉम्ब करणं, आणि बंद खोलीत ठेवणं म्हणजे श्वास कोंडवणं. आग विझवण्याच्या कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्यात २० अंशांना ५७ बारखाली द्रव असतो. म्हणूनच त्यावर दाबमापक नसतो, वजन करून तपासतात. फवारा सोडला की द्रव ५.२ बारच्या खाली येतो आणि अर्धवट बर्फाची भुकटी होऊन बाहेर पडतो. कर्णा उघड्या हातानं धरला तर कातडी गोठते.

स्थायू-द्रव रेघ बहुतेक पदार्थांत उजवीकडे झुकते: दाब वाढला की वितळायला जास्त तापमान लागतं. पृथ्वीच्या गाभ्याच्या केंद्राशी तापमान ५००० अंशांच्या वर असून लोखंड घन राहतं ते सुमारे ३६ लाख बार दाबामुळे. हेलियम तर नुसतं थंड करून गोठतच नाही. २५ बार द्यावे लागतात. पाणी उलट्या स्वभावाचं. बर्फ पाण्यापेक्षा ९ टक्के जास्त जागा घेतो, म्हणून दाबला की तो कमी जागेच्या, म्हणजे द्रवाच्या बाजूला कलतो. पण किती? बारमागे ०.००७५ अंश. बर्फावर स्केटिंग करणाऱ्याच्या वजनानं बर्फ वितळतो आणि पातं घसरतं, हे स्पष्टीकरण अजूनही पुस्तकांत छापलं जातं. हिशेब करून बघा: ७० किलोंचा माणूस, पात्याची ६ चौरस सेंटिमीटर टेकलेली जागा, दाब साधारण १२ बार, द्रवणांकात घट ०.०९ अंश. उणे १० अंशांना याचा काय उपयोग? घसरायला मदत होते ती घर्षणाच्या उष्णतेची आणि बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच असलेल्या सैल रेणूंच्या पातळ थराची.

या नकाशाची एक मर्यादा आहे. तो कुठं जायचं ते सांगतो, कधी ते सांगत नाही. आपल्या दाबाला आणि तापमानाला कार्बनचं स्थिर रूप ग्रॅफाइट आहे, तरी हिरा हिराच राहतो. स्वच्छ पाण्याचे सूक्ष्म थेंब उणे ३५ अंशांच्या खालीही द्रव राहू शकतात, कारण पहिला बर्फकण रुजायला कुठं आधार नसतो.

मायक्रोवेव्हमध्ये नेमकी याची दुसरी बाजू दिसते. गुळगुळीत काचेच्या पेल्यात, आधी एकदा उकळलेलं पाणी पुन्हा तापवलं तर बुडबुडे रुजायला खाच नसते आणि विरघळलेली हवाही नसते. पाणी १०० च्या वर जाऊनही शांत दिसतं. मग चमचा घातला, साखर टाकली किंवा पेला नुसता हलला की ते एकदम उसळून हातावर येतं. तापवण्याआधीच पेल्यात लाकडी काडी ठेवा, वेळ बेताचा लावा, आणि यंत्र थांबल्यावर अर्धा-एक मिनिट दार उघडू नका.